पस्तीसचा दोरा

विजापूर वेशीतून आत, मुश्ताक मणियारच्या दुकानात
सायकलच्या ट्यूबांखाली एक काचेची पेटी आहे,
तिच्यात दोऱ्यांची रिळं.
"कुठला देऊ, गाजूल मामा?"
आणि मी, चाळीस वर्षं सूत हाताळलेला माणूस,
शाळेतल्या पोरासारखा गप्प.

इथं हिशोबच उलटा.
आमच्यात नंबर चढला की सूत बारीक होतं,
तंगूसचा नंबर चढला की दोरा जाड.
पहिल्या खेपेला मी सवयीनं
दणकट म्हणून विसाचा मागितला,
आणि हिपरग्याच्या तळ्यात एका मरळीनं तो
बिडीचा दोरा तोडावा तसा तोडून नेला.
गळासकट, सत्तर रुपयांच्या रबरी बेडकासकट.

मुश्ताक वेणीचा दोरा पुढं करतो. हिरवा, आठपदरी.
"तुटायचा नाही बघा. जलपर्णीतनं म्हैस ओढा."
मी चिमटीत धरतो.
खरंच विणलाय की!
कुठं यंत्राचा ताण सैल पडला
तेही नखाला लागतं.
लांबत नाही हा. माशानं नाक लावलं
तरी मनगटात ठोका पडेल.

तिसरा पाण्यात दिसत नाही म्हणे.
सातशे रुपये, न दिसण्याचे.
हिपरग्याच्या पाण्यात, म्हटलं,
माझा मलाच हात दिसत नाही.

उजनीवर पुण्याच्या गाड्या येतात,
चार काठ्या मांडतात, चौघींना चार दोरे.
माझी एकच.
तीही माझी नाही, सिद्राम हत्तरगेची.
डायलिसिसला पोराकडं जाताना
एसटी स्टँडवर हातात दिली.
"ठेव. आल्यावर घेतो."
दुसऱ्या कडीतल्या पांढऱ्या मण्याचा टवका उडालाय,
तो त्याच्याच वेळचा.

हातहात नमुना मागून घरी आणला.
राजव्वाच्या मांडीवर सूप, सुपात पानं,
हजारातल्या दोनशे बिड्या बाकी.
तिनं हात पुसले, दोन्ही दोरे थुंकीनं ओले केले
(कोरडा दोरा पारखू नये, हे तिला कुणी शिकवलं नाही)
आणि त्या टवक्याच्या कडीतून
दहा वेळा इकडून तिकडं ओढले.
वेणीवर कूस उभी राहिली,
जुन्या चादरीवर राहते तशी.
तंगूसवर नुसता एक ओरखडा.

"दोरा चांगलाय," ती म्हणाली, "कडी वाईट.
कडी बदला की."
मी काही बोललो नाही.
दुसऱ्याची वस्तू, दिली तशी द्यायची असते.
ती पुन्हा बिड्यांकडं वळली.

म्हणून तंगूस. पॉइंट पस्तीस. शंभर मीटर, नव्वद रुपये.
त्याचे दोष मला पाठ आहेत.
उन्हात कडक होतो, रिळावरून उतरला तरी
रिळाचा आकार सोडत नाही.
ताणला की लांबतो,
मरळ बेडूक तोंडात घेते आणि मला
अर्धा श्वास उशिरा कळतं.
पण त्या अर्ध्या श्वासात
ती दचकत नाही, काठीही मोडत नाही.

रविवारी सांडव्याच्या अंगाला, कमळाच्या पानांत
एक दीड किलोची निघाली.
वर आली तेव्हा तोंडात चिखल, डोळ्यांत राग.
सिद्रामला फोन लावला.
आमचं बोलणं एवढंच असतं, पाणी किती आणि मासा कुठला.

"दोरा?"
"पस्तीसचा."
"वेणीचा घे की बे, तंगूस कशाला वापरतो?"
"तुझी कडी कापते त्याला."
पलीकडं कुठलं तरी यंत्र
मंद सुरात टिकटिकत होतं.
"मग बदल ती कडी," तो म्हणाला.
"तुझ्या हाताला बसेल तशी घे.
मला विचारू नको."

मी ओल्या दगडावर बसून होतो.
मरळ पिशवीत अजून शेपटी आपटत होती.
थोड्या वेळानं त्यानंच विचारलं,
"पाणी किती आहे?"
"पायरीच्या खाली चार फूट," मी म्हटलं.